हळद, स्नो आणि पारा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. अशा कोणत्याही गजबजलेल्या चौकाच्या आसपास किराणा मालाची आणि औषधांची दुकाने जवळजवळ असतात. किराणा दुकानात हळद किलोवर मिळते. औषधाच्या दुकानात त्याच हळदीचा अर्क घातलेले क्रीम ट्यूबमध्ये मिळते. किराणा दुकानातल्या पुडीवर फक्त ‘हळद’ एवढेच लिहिलेले असते. ट्यूबवर आणि तिच्या जाहिरातीत मात्र बरेच काही लिहिलेले असते. वस्तू एकच असताना तिच्याविषयीचे शब्द एवढे का वाढले, हा रसायनशास्त्राइतकाच इतिहासाचा प्रश्न आहे.

शाळेत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. आठवी-नववीच्या वयात चेहऱ्यावर मुरमे येऊ लागतात, आरशासमोरचा वेळ वाढतो, आणि ‘अमुक क्रीम लावून माणूस खरंच गोरा होतो का?’ अशी विचारणा होते. काही मुले-मुली शिक्षकांना विचारतात. बरीचशी विचारत नाहीत, परस्पर क्रीम आणून लावतात. ‘हे सगळे खोटे असते’ असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. या दाव्यांपैकी काही खरे आहेत, काही थोडेसे खरे आहेत, आणि ज्या क्रीमने रंग खरोखर झपाट्याने उतरतो ते अनेकदा सर्वांत घातक ठरलेले आहे. हे कसे, ते समजण्यासाठी महाराष्ट्रात घरोघरी पोचलेल्या चार पदार्थांचा इतिहास पाहू.

आधी त्वचेविषयी थोडे

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. भिंतीत विटा रचाव्यात तशा या पेशी एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा जणू गिलावा असतो. हा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे पदार्थ आत येऊ न देणे ही त्याची दोन कामे. म्हणजे क्रीम ‘आत मुरावे’ अशी आपली अपेक्षा असते, तर ते मुरू न देण्यासाठीच ही भिंत तयार झालेली आहे.

भिंत अगदीच अभेद्य नाही. लहान रेणू तिच्यातून झिरपतात. २००० साली बॉस आणि माइनार्डी या दोन संशोधकांनी एक साधा ठोकताळा मांडला: ज्या पदार्थाच्या रेणूचे वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो धडधाकट त्वचेतून सहसा आत शिरत नाही. एक डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. आता कोलॅजनचा रेणू पाहा. त्याचे वजन सुमारे ३ लाख डाल्टन. तेव्हा ‘कोलॅजनयुक्त’ क्रीममधले कोलॅजन त्वचेच्या आत जाऊन सुरकुत्या भरून काढील ही गोष्ट संभवत नाही. ते वर राहते आणि पाणी धरून ठेवते. त्यामुळे त्वचा मऊ वाटते. हा फायदा खराच आहे, पण तो ग्लिसरीननेही होतो.

रंगाचे गणित याहून खोलवर असते. मृत थराच्या खाली, जिवंत पेशींच्या तळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिनच्या किती पुड्या बांधतात, पुड्या केवढ्या असतात आणि शेजारच्या पेशींत त्या कशा वाटल्या जातात यात. हे बहुतांशी आनुवंशिकतेने ठरते. त्यावर उन्हाची भर पडते. उन्हाने आलेला रापलेपणा कमी होऊ शकतो. जन्मजात रंगाची पातळी मात्र बाजारातल्या प्रसाधनाने कायमची बदलत नाही.

बर्फासारखे दिसणारे साबण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या शहरी घरांत ‘स्नो’ आले. ‘हेझलीन स्नो’ हे विलायती नाव तेव्हा प्रसिद्ध होते. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी याच जातीचे देशी क्रीम तयार केले. ते म्हणजे ‘अफगाण स्नो’. त्याची सुरुवात १९१९ ची सांगितली जाते. पुढे कित्येक दशके निळ्या रंगाशी जोडलेले हे नाव मराठी घरांतल्या आरशांपुढे होते.

नावाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. अफगाणिस्तानचा राजा मुंबईला आला, त्याने बाटली उघडून पाहिली आणि आपल्या देशातल्या बर्फाची आठवण झाली असे म्हटले. त्यावरून हे नाव पडले. ही गोष्ट सांगताना कधी झहीर शाहचे नाव घेतले जाते. झहीर शाहचा जन्म १९१४ चा आणि तो गादीवर आला १९३३ मध्ये. १९१९ मध्ये तो फार तर पाच वर्षांचा असणार. त्याचा पिढीजात पूर्वसूरी अमानुल्ला मुंबईला आला खरा, पण युरोपच्या दौऱ्यावर जाताना, डिसेंबर १९२७ मध्ये. तेव्हा एक तर साल बदलायला हवे, नाही तर राजा. गोष्टीत खरेपणाचा अंश असेलही. परंतु साल आणि व्यक्ती यांचा मेळ घालून पाहण्याची सवय आपण इतिहासाच्या तासाला लावतो, ती जाहिरातीच्या कथेलाही लावता येते.

स्नोचे रसायन मात्र सरळ आहे. स्टिअरिक आम्ल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ पाण्यात गरम करून घुसळतात आणि त्यात थोडा अल्क घालतात. अल्कामुळे काही स्टिअरिक आम्लाचा साबण होतो. हा साबण उरलेल्या आम्लाचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवतो. म्हणजे हे एक पायस झाले, दुधासारखेच. त्याचा मोठा भाग पाणीच असते. बारीक कणांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो म्हणून ते पांढरेशुभ्र दिसते. खरा बर्फही याच कारणाने पांढरा दिसतो. चेहऱ्यावर चोळल्यावर पाणी उडून जाते आणि स्टिअरिक आम्लाचा अतिशय पातळ थर मागे राहतो. त्याने तेलकट चकाकी झाकली जाते आणि चेहरा काही तास उजळ दिसतो. तोंड धुतले की हा परिणाम संपतो.

येथे फसवणूक काहीच नाही. स्नो लावल्यावर चेहरा उजळ ‘दिसतो’ हे विधान खरे आहे. अडचण सुरू होते ती ‘दिसतो’ या शब्दाच्या जागी ‘होतो’ हा शब्द आला की.

हळदीचे दोन विजय

आपल्याकडे लग्नात हळद लावतात, सुगीत हळदीचे गड्डे शिजवून वाळवतात, आणि बोट कापले की त्यावर हळदीची चिमूट दाबतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांकही मिळाला. एवढ्या जिव्हाळ्याच्या पदार्थाविषयी कोरडेपणाने विचार करणे अवघड जाते. म्हणून त्याच्या इतिहासातल्या दोन गाजलेल्या घटना नीट तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

पहिली घटना पेटंटची. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. जुने संस्कृत व उर्दू ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेख असे पुरावे परिषदेने सादर केले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. एका विकसनशील देशाने पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकी पेटंट रद्द करवून घेणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

पण त्या निकालात नेमके काय ठरले? हळदीने जखम किती लवकर भरते हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हता. ‘हा वापर नवीन आहे का?’ एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. एखादी गोष्ट जुनी असणे आणि ती गुणकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल पहिलीविषयी होता.

दुसरी घटना आपल्या अधिक जवळची. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला ‘विको’ हा उद्योग सुरू केला. आधी दंतमंजन आले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास हळदीचे क्रीम आले. हे प्रसाधन नाही असे या क्रीमची जाहिरातच गाऊन सांगत असे. ते गाणे आजही अनेकांना तोंडपाठ असेल. त्या गाण्यामागे कराचा एक रुक्ष प्रश्न होता. प्रसाधनांवर उत्पादन शुल्क जास्त आणि आयुर्वेदिक औषधांवर कमी. अबकारी खात्याचे म्हणणे असे की हे प्रसाधन आहे. कंपनीचे म्हणणे असे की हे औषध आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद या ना त्या रूपाने पाव शतक चालला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकाल लागला.

येथेही तोच प्रश्न विचारू. काय सिद्ध झाले? आयुर्वेदिक औषध कशाला म्हणावे हे कायद्याने ठरवून दिले आहे. त्यातले घटक मान्यताप्राप्त आयुर्वेदिक ग्रंथांत आहेत का, ते औषधाच्या परवान्याखाली तयार होते का, आणि लोक त्याला काय समजतात, असे प्रश्न अशा वादांत विचारले जातात. पन्नास जणांना क्रीम लावले, पन्नास जणांना तसेच दिसणारे पण हळद नसलेले क्रीम लावले आणि फरक मोजला, असा प्रयोग न्यायालयापुढे असावा लागत नाही. तेव्हा कंपनीचे म्हणणे कायद्याने बरोबर ठरले. त्यावरून ‘हळदीचा गुण न्यायालयाने सिद्ध केला’ असे कोणी म्हणाले तर ते चूक ठरेल.

मग हळदीविषयी विज्ञान काय म्हणते? हळदीचा पिवळेपणा मुख्यतः कर्क्युमिनमुळे असतो. फोगेल आणि पेलेतिए यांनी तो १८१५ मध्ये वेगळा काढला. त्याची रचना १९१० मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी मांडली. सुक्या हळदीत त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते. परीक्षानळीत कर्क्युमिन जंतूंवर आणि दाह घडवणाऱ्या रसायनांवर परिणाम करतो, यावर हजारो शोधनिबंध आहेत. मात्र २०१७ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या सर्व संशोधनाचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की कर्क्युमिन फार अस्थिर आहे, शरीरात नीट शोषला जात नाही, आणि अनेक चाचण्यांत तो चाचणीचीच दिशाभूल करतो, कारण तो स्वतःच चमकतो आणि भेटेल त्या प्रथिनाशी जोडला जातो. दुहेरी अंध पद्धतीच्या एकाही चाचणीत तो निर्विवाद यशस्वी झालेला नाही असेही त्यांनी नमूद केले. या आढाव्यावर टीकाही झाली. तरी त्यातला रसायनशास्त्राचा भाग आपल्याला शाळेतसुद्धा तपासता येतो. तो प्रयोग शेवटी दिला आहे.

आणखी एक साधी खूण. कर्क्युमिन अतिशय गडद पिवळा आहे. ‘हळदीचे’ म्हणून विकले जाणारे क्रीम पांढरे शुभ्र असेल, तर त्यात कर्क्युमिन नगण्य आहे किंवा रंग घालवून बदललेले दुसरे रसायन आहे, एवढे विद्यार्थी स्वतः ताडू शकतात.

ज्वारी खाणाऱ्यांचा रोग आणि गोरेपणाचे क्रीम

१९७५ मध्ये हिंदुस्तान लीव्हर या मुंबईच्या कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. त्यातला एक मुख्य घटक होता नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. या जीवनसत्त्वाचा त्वचेशी असलेला संबंध जाहिरातीपेक्षा फार जुना आणि गंभीर आहे.

बी-३ कमी पडले की पेलाग्रा हा रोग होतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर, विशेषतः गळ्याभोवती आणि हातांवर, काळपट खडबडीत चट्टे येतात. पुढे अतिसार आणि बुद्धिभ्रंश होतो. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अभ्यास करून हा रोग संसर्गजन्य नसून आहाराशी निगडित आहे हे दाखवले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्ल हेच ते हरवलेले द्रव्य असल्याचे शोधले. जगात हा रोग मका खाणाऱ्यांत दिसे. आपल्या दख्खनच्या पठारावर तो ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत दिसे. हैदराबादच्या प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी त्याचा संबंध असावा असे १९६० मध्ये मांडले. डाळ, दूध, शेंगदाणे जेवणात आले की हा रोग टळतो.

म्हणजे बी-३ त्वचेसाठी आवश्यक आहे, हे वाक्य शंभर टक्के खरे आहे. ते पोटातून मिळायला हवे एवढेच.

ते वरून लावले तर काय होते? यावरही प्रामाणिक काम झालेले आहे. नायसिनामाइडचा रेणू केवळ १२२ डाल्टनचा, त्यामुळे तो मृत थरातून झिरपू शकतो. २००२ मध्ये हाकोझाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नायसिनामाइड मेलॅनिनची निर्मिती थांबवत नाही, तर मेलॅनिनच्या पुड्या शेजारच्या पेशींकडे जाण्याला अडथळा करते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हे वहन ३५ ते ६८ टक्के कमी झाले. त्याच शोधनिबंधात चेहऱ्यावर काळे डाग असलेल्या १८ जणींवर ५ टक्के नायसिनामाइडचे क्रीम आणि ते नसलेले क्रीम यांची तुलना होती. चार आठवड्यांनी डागांत मोजता येण्याजोगा फरक दिसला. हे संशोधन प्रसाधने बनवणाऱ्या एका कंपनीचे होते हेही लक्षात ठेवावे. पण तुलना ठेवून केलेला प्रयोग होता, त्यामुळे त्याला किंमत आहे.

आता हे निष्कर्ष कसे फुगतात ते पाहा. ‘पेशींच्या संवर्धनात ६८ टक्क्यांपर्यंत घट’ याचे ‘६८ टक्क्यांपर्यंत जास्त उजळ’ असे वाक्य सहज होऊ शकते. पहिल्यात वहन मोजले आहे, दुसऱ्यात चेहरा. ‘पर्यंत’ हा शब्द तर सर्वांत उपयोगी. शून्यसुद्धा ६८ ‘पर्यंत’ येते. डागांवरचा किंवा उन्हाने रापलेल्या त्वचेवरचा माफक परिणाम हळूहळू जन्मजात रंगावरचा परिणाम बनतो. आणि त्याच्या शेवटी जाहिरातीत सावळी मुलगी, न मिळणारी नोकरी आणि क्रीम लावल्यावर मिळालेली नोकरी अशी गोष्ट येते. तेथे रसायनशास्त्राचा संबंध केव्हाच सुटलेला असतो.

अशा जाहिरातींविरुद्ध महिला संघटनांनी तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये, सावळ्या रंगाच्या व्यक्तीला दुःखी, अपयशी किंवा कमी दर्जाची दाखवू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जुलै २०२० मध्ये या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ शब्द गेला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. रेणूंनी आपली वागणूक बदललेली नव्हती. समाजाने एक शब्द चालवून घेण्याचे नाकारले.

जे खरोखर काम करते

१९६२ मध्ये औषध कायद्यात दुरुस्ती होऊन प्रसाधने त्यात आली. या कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी किंवा रूप पालटण्यासाठी शरीराला लावायची वस्तू. रोग बरा करणारी किंवा शरीराच्या क्रियेत बदल घडवणारी वस्तू औषधात मोडते. प्रसाधनाला औषधाइतक्या कडक चाचण्या नाहीत, कारण ते फारसे काही करीत नाही हे गृहीत आहे. जाहिरात मात्र ते बरेच काही करते असे सुचवते. दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे खरे असू शकत नाही. म्हणूनच एखादे ‘साधे’ क्रीम आठवड्याभरात चेहऱ्याचा रंग उतरवू लागले, तर आनंदाऐवजी शंका यायला हवी.

अशा क्रीममध्ये सापडणारी एक वस्तू म्हणजे स्टेरॉइड. ते उत्तम औषध आहे, पण वैद्यकीय देखरेखीखाली आणि थोड्या दिवसांसाठी. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल राहते, मुरमे आणि लव वाढते, आणि क्रीम सोडले की आग होते. त्यामुळे माणूस ते सोडत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी असलेले २,९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण स्टेरॉइडचे मलम लावत होते, आणि त्यांपैकी १२६ जण ते गोरे होण्यासाठी किंवा दाढीनंतर लावण्यासाठी म्हणून वापरत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले.

दुसरी वस्तू पारा. मेलॅनिन तयार होण्यासाठी टायरोसिनेज हे विकर लागते आणि त्याच्या केंद्रस्थानी तांबे असते. पाऱ्याचे क्षार या विकराचे काम बंद पाडतात. रंग खरोखर उतरतो. परंतु पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. प्रयोगशाळेत थर्मामीटर फुटला तर आपण मुलांना दूर उभे करतो. तोच पारा क्षाराच्या रूपात रोज रात्री चेहऱ्याला चोळला जातो.

२०२२ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला. तिघींत समान काय आहे याचा डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्या एकच गोरेपणाचे क्रीम लावत असल्याचे निघाले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ते तपासल्यावर त्यात पाऱ्याचे मोठे प्रमाण आढळले. केरळमधल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली.

आपल्याकडच्या २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतर कशातही पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्णपणे बंद करण्याचे ठरवले. तरीही परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसलेल्या डब्या हातोहात विकल्या जातात. अशी डबी कितीही गुणकारी म्हणून सांगितली तरी घेऊ नये. गुणकारी असेल तर मुळीच घेऊ नये.

उरते काय?

कोरड्या त्वचेला तेल, ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली लावल्याने पाणी टिकते आणि भेगा कमी होतात. नाशिककरांना द्राक्षांचा अभिमान आहे, त्यामुळे द्राक्षाच्या बियांच्या तेलाची क्रीमे त्यांना आवडतील. ते तेल चांगलेच आहे, पण काम करते ते तेल म्हणूनच. मुरमांवर, काळ्या डागांवर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांनी द्यायची आहेत.

उन्हापासून संरक्षण करणाऱ्या क्रीमचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावी १९९२ पासून साडेचार वर्षे १,६०० हून अधिक लोकांवर प्रयोग झाला. रोज क्रीम लावणाऱ्या गटात त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. मात्र ते लोक बहुतांशी गोऱ्या त्वचेचे होते. आपल्या त्वचेतले मेलॅनिन हे काम जन्मतःच काही प्रमाणात करत असते. जे द्रव्य घालवण्यासाठी आपण पैसे मोजतो, त्याचाच कमीपणा असलेली माणसे त्याची जागा भरून काढण्यासाठी क्रीम लावतात. रापणे टाळायचे असेल तर टोपी, छत्री आणि डोक्यावरचा पदर हेही उपयोगी आहेत.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. पांढऱ्या सुती कापडावर हळदीच्या पाण्याचे दोन डाग पाडा. एक काळ्या कागदाने झाका आणि कापड कडक उन्हात ठेवा. काही तासांनी उघडा डाग फिका पडलेला दिसेल. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही, हे त्यावरून कळते. दुसऱ्या कापडावर हळदीच्या डागावर चुन्याची निवळी टाका. डाग लाल होईल. पारंपरिक कुंकू याच क्रियेने बनते. वर लिंबू पिळल्यास पुन्हा पिवळा होईल.

२. दोन प्रकारची क्रीमे, एक स्नोसारखे आणि एक कोल्ड क्रीम, चिमूटभर घेऊन वेगवेगळ्या पेल्यांत पाण्यात ढवळा. स्नो पाण्यात पसरून पाणी दुधाळ होते. त्यात तेलाचे कण पाण्यात आहेत. जे क्रीम गोळा होऊन तरंगते त्यात पाण्याचे कण तेलात आहेत.

३. घरातल्या रिकाम्या ट्यूब आणि खोकी गोळा करा. आपल्या नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले केशर, बदाम किंवा हळद मागच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते शोधा. पहिल्या क्रमांकावर बहुधा पाणी सापडेल.

४. जाहिरातींतली क्रियापदे वहीत लिहून त्यांचे दोन गट करा. ‘दिसते’, ‘वाटते’, ‘मदत करते’ एका बाजूला. ‘होते’, ‘घालवते’, ‘बरे करते’ दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी एकच प्रश्न लिहावा: कोणाशी तुलना केली? या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर क्वचितच असते. ते विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी पुढे खताच्या, औषधाच्या आणि शिकवणी वर्गाच्या जाहिरातीलाही हाच प्रश्न विचारील.